तेरवीच्या आतला अंगठा

लातूर-नांदेडकडच्या गावात घरचा कर्ता पुरुष गेला की पुढचे तेरा दिवस कुणी काय करायचं, हे कुणाला विचारावं लागत नाही. तिरडी कुणी बांधायची, मडकं कुणी धरायचं, तिसऱ्या दिवशी राख सावडायला कोण जाणार, दहाव्याला केस कुणी काढायचे, माहेरच्यांनी दुखवट्याचं लुगडं कधी आणायचं, टॉवेल-टोपी कुणाकुणाला द्यायची, तेरवीला किती पानं धरायची, सगळं ठरलेलं असतं. भावकीतली जुनी माणसं हे नियम तोंडपाठ सांगतात. नवरा गेलेल्या बाईसाठी मात्र नियम मोजकेच. पदर पुढे ओढून कोपऱ्यात बसायचं, आलेल्या प्रत्येकीच्या गळ्यात पडून रडायचं आणि जे होईल ते होऊ द्यायचं.

ही रीत आणि घरातला व्यवहार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सगळे धरून चालतात. ‘आत्ता दुःखाची वेळ आहे, कागदाचं नंतर बघू,’ असं तिला समजावलं जातं. समजावणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. पण कागदाचं काम त्या तेरा दिवसांत थांबत नाही. ते चालूच राहतं, फक्त तिच्यावाचून. नवरा गेल्यावर बाईची जमीन, घर आणि पैसा तिच्या हातून निसटतो, तो पुढे कोर्टात नव्हे; त्याची सुरुवात या तेरा दिवसांतच होते, आणि सुतकाची रीत त्याला वाट करून देते.

हे कसं होतं, ते जवळून पाहावं. पहिल्या दिवशी कारभाऱ्याचा मोबाइल दिराच्या खिशात जातो, कारण पाहुण्यांना फोन करायचे असतात. त्याच मोबाइलवर बँकेचे ओटीपी येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेटीतलं पासबुक आणि एटीएम कार्ड बाहेर येतं, कारण तेरवीचा खर्च करायचा असतो आणि पिन पोराला माहीत असतो. मग गावातलाच कुणीतरी दोन कागद घेऊन येतो. ‘वैनी, इथं अंगठा लावा, मयताच्या दाखल्याला लागतो.’ बाई लिहिता-वाचता येणारी असली तरी त्या दिवशी कागद वाचत नाही. वाचायला घेतला तर ‘नवरा जाऊन चार दिवस झाले नाहीत आणि हिला कागद सुचतात’ हे ऐकावं लागेल, हे तिला ठाऊक असतं. मृत्यूची नोंद करायला तिच्या अंगठ्याची गरजच नसते. वारसांच्या यादीसाठी, संमतीसाठी, प्रतिज्ञापत्रासाठी मात्र असते.

या काळात दोन पंचांगं एकाच वेळी चालू असतात. एक सुतकाचं: तिसरा, दहावा, तेरवी, सव्वा महिना, सहा महिने, वर्षश्राद्ध. दुसरं सरकारचं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत केली तर विलंब शुल्क नाही. ३० दिवसांपर्यंत शुल्क भरून होते. त्यानंतर वरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश. शेतकरी अपघातात गेला असेल, वीज पडून, साप चावून किंवा मोटारीचा शॉक लागून, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळतात. पण प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत द्यायचा असतो. वारसाहक्कानं जमीन आली की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावं, असं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४९ सांगतं. ज्या बाईनं सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, तिच्या हातून यातली किती कामं वेळेत होतील? मुस्लिम बाईची इद्दत तर चार महिने दहा दिवसांची. नांदेड शहरात अशी किती घरं असतील, जिथे इद्दत संपेपर्यंत मुदती संपून गेलेल्या असतात.

पासबुकाचीच गोष्ट घ्या. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीला खात्यातून ४३६ रुपये कापले गेल्याची एक ओळ अनेक पासबुकांत असते. खातं उघडताना कुणीतरी फॉर्मवर सही घेतलेली असते, पुढे नवऱ्यालाही आठवत नाही. ती पंतप्रधान जीवनज्योती विम्याची ओळ असते आणि तिची किंमत २ लाख रुपये असते, मृत्यू कोणत्याही कारणानं झालेला असो. २० रुपयांची ओळ असेल तर तो अपघात विमा, तोही २ लाखांचा. ही ओळ शोधायला वकील लागत नाही. शाळेत जाणारी पुतणीसुद्धा ती शोधून देईल. पण पासबुक बाईच्या हातात राहिलं तर.

नॉमिनी म्हणून नाव असणं आणि पैशाचा मालक असणं यातही गल्लत होते. अनेकांनी बँकेतलं खातं लग्नाच्या आधी उघडलेलं असतं आणि नॉमिनी म्हणून वडिलांचं किंवा भावाचं नाव दिलेलं असतं. बँक पैसे त्यांच्याकडे देते. पण नामनिर्देशित माणूस पैसे फक्त स्वीकारतो, ते जपून खऱ्या वारसांना द्यायची जबाबदारी त्याच्यावर असते, हे सर्वोच्च न्यायालयानं बँकेतल्या ठेवींबाबत स्पष्ट केलेलं आहे. कर्जाबाबतही असंच. दहाव्याच्या दिवशी ओसरीवर बसून ‘तुमच्या मालकाकडं माझे अमुक येणं होतं’ म्हणणारे येतात. नवऱ्याच्या खऱ्या कर्जाची फेड त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून, तेवढ्यापुरतीच होते. बाईच्या मजुरीतून किंवा माहेरच्या डोरल्यातून नाही. आणि येणं होतं, हे सिद्ध करायची जबाबदारी मागणाऱ्याची असते. त्या दिवशी भरल्या घरात ‘होय’ म्हणून मान हलवायचं तिला काही कारण नाही.

या सगळ्याला मराठवाड्यात जी धार आहे, ती शेतकरी आत्महत्यांमुळे. २०२३ या एका वर्षात मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातल्या १७५ नांदेड जिल्ह्यात आणि ७२ लातूरमध्ये. प्रत्येक प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातं आणि ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतं. पात्र ठरलं तर १ लाख रुपये: ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. ही रक्कम २००६ च्या सुमाराला ठरली, तेव्हापासून लाखाचा लाखच आहे. महिला किसान अधिकार मंच म्हणजे ‘मकाम’ या संघटनेनं २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत अशा ५०५ महिलांची पाहणी केली. ज्या जमिनीत त्या राबत होत्या, तिच्यावर ४० टक्के बायकांना अजून हक्क मिळालेला नव्हता. राहत्या घरावर नाव लागलं होतं ते फक्त ३५ टक्के जणींचं. पुढे जून २०१९ मध्ये राज्य सरकारनं या महिलांच्या वारसनोंदी, रेशनकार्ड, पेन्शन यांबाबत आदेश काढले. आदेश तालुक्याला पोचला असेल. तिच्या ओसरीपर्यंत तो नेणारा माणूस मात्र नेमला गेला नाही.

रीतीच्या बाजूनं महाराष्ट्रात अलीकडे जी मोठी गोष्ट घडली, ती कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडची. शिरोळ तालुक्यातल्या या गावानं ४ मे २०२२ रोजी ठराव केला: नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं गावात बंद. सरपंच होते सुरगोंडा पाटील. या विचारामागे करमाळ्याचे कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांची धडपड होती. आपल्या मृत्यूनंतर बायकोवर ही सक्ती करू नये, असं त्यांनी स्वतःच प्रतिज्ञापत्र करून ठेवलं होतं. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीचे ते दिवस होते. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. परिपत्रकात सक्ती नव्हती, शिक्षा नव्हती. तरीही त्यानंतर किती गावांनी असे ठराव केले, याच्या बातम्या महिनोन्‌महिने येत राहिल्या.

हेरवाडचं मोल फार मोठं आहे. बांगड्या फोडण्याचा तो क्षण ज्यांनी पाहिलाय, त्यांना ते सांगावं लागणार नाही. मनगटाला काच लागून रक्त येतं, आणि फोडणारी बाई बहुतेकदा स्वतःही त्यातून गेलेली असते. सगळ्या गावादेखत तिला सांगितलं जातं की आता तुझी जागा बदलली. ज्या बाईला असं खाली उतरवलं गेलं, ती आठ दिवसांनी दिराला ‘मला सातबारा दाखवा’ म्हणू शकत नाही. म्हणूनच बांगड्यांचा प्रश्न भावनेचा आणि सातबाऱ्याचा प्रश्न पोटाचा, अशी वाटणी चुकीची आहे. पहिल्यानं तिचा आवाज काढून घेतला जातो आणि दुसऱ्यात त्याचा फायदा उठवला जातो. पण म्हणूनच हेरवाडचा ठराव अर्धा आहे, असंही म्हणायला हवं. ज्या ग्रामसभेत बांगड्या न फोडण्याचा ठराव होतो, त्याच बैठकीत गावातल्या कोणत्या मयत खातेदाराची वारसनोंद राहिली आहे आणि त्यात पत्नीचं नाव आहे का, हे वाचून दाखवलं गेलं पाहिजे. चावडीवाचनाची पद्धत महसूल खात्यात आहेच. १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली आणि मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायचं काम गावोगाव झालं. ते करताना प्रत्येक फेरफारात विधवेचं नाव आलं की नाही, एवढा एकच रकाना गावानं स्वतः तपासायला हरकत नाही.

कायदा याबाबतीत तिच्या बाजूचा आहे, आणि तो अवघडही नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवरा मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई या सगळ्यांना सारखा हिस्सा मिळतो. जमीन सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून ‘तुझ्या नवऱ्याचं काही नव्हतंच’ असं तिला सांगितलं जातं. पण जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलगा गेल्यानं त्याचा हिस्सा बुडत नाही, तो त्याच्या वारसांकडे येतो. सासऱ्यानं स्वतः कमावलेली जमीन असेल तर त्याच्या हयातीत तिला मागता येत नाही हे खरं, पण तो मृत्युपत्र न करता गेला तर आधी वारलेल्या मुलाची विधवा म्हणून ती पहिल्या वर्गाची वारस असते. फेरफाराची नोटीस सगळ्या वारसांना जायला हवी आणि हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. हिस्सा सोडायचाच असेल तर त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. कोऱ्या कागदावरच्या अंगठ्यानं हक्क सुटत नाही.

इथे सासू-सासऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती खोटी नाही. तरणाताठा मुलगा गेलेला असतो. सून उद्या माहेरी गेली, दुसरं लग्न केलं, तर जमीन परक्या घरात जाईल आणि म्हातारपणी आम्हाला कोण बघणार, ही भीती खरी असते. पण कायद्यानं मुलाच्या आईलाही सुनेइतकाच हिस्सा दिलेला आहे, हे कितीजणींना माहीत असतं? सासूला तो हिस्सा कळला तर तिला दुसऱ्या मुलाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. या घरात सून आणि सासू एकमेकींच्या वैरी नाहीत. दोघींचं माणूस गेलंय आणि दोघींच्या नावाची नोंद राहिली आहे. भांडण लागतं ते दोघींनाही बाजूला ठेवून जमीन नांगरणाऱ्या तिसऱ्यामुळे.

पुनर्विवाहाबाबत तर गाव अजून दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या कायद्यावर चालतं. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यानं ब्रिटिश हिंदुस्थानात लग्नाला मान्यता दिली, पण दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जणू ती मेलीच असं समजून काढून घेतला. १९५६ नंतर ती अट उरली नाही. नवऱ्याच्या मृत्यूच्या क्षणी तिला मिळालेला हिस्सा पुढे लग्न केल्यानं जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलेलं आहे. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की मराठवाड्यातल्या कित्येक जातींत पाट किंवा मोहतूर लावायची जुनी चाल होती. नवरा गेलेल्या बाईनं पुन्हा संसार मांडणं त्यांच्यात निषिद्ध नव्हतं. वरच्या जातींचं अनुकरण करण्याच्या नादात ती चाल कमीपणाची ठरली आणि अनेक घरांनी आपली चांगली रीत टाकून दुसऱ्यांची वाईट रीत उचलली.

परंपरा मोडायची कशी, असं विचारणाऱ्यांनी आपल्याच मातीतल्या परंपरा आठवाव्यात. लातूरच्या सीमेला लागून असलेल्या बसवकल्याणात बाराव्या शतकात बसवण्णांनी आणि शरणांनी पंचसूतकं नाकारली. मरणाचं सूतकही त्यात आलं. दोन्ही जिल्ह्यांत लिंगायत समाज मोठा आहे. नांदेडला तख्त सचखंड हुजूर साहिब आहे; गुरू अमरदासांनी सतीला विरोध केला आणि शीख रहित मर्यादा ऊर बडवून आक्रोश करायला मनाई करते, विधवेच्या पुनर्विवाहाला परवानगी देते. डॉ. आंबेडकरांनी १९५६ मध्ये दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान नाकारलेलं आहे. इस्लामी वारसाहक्कात मुलं असतील तर पत्नीचा आठवा आणि नसतील तर चौथा हिस्सा ठरलेला आहे, आणि न दिलेला मेहर हे नवऱ्यावरचं कर्ज मानून वाटणीच्या आधी फेडायचं असतं. प्रत्येक समाजाच्या गाठीला बाईला मान देणारं काहीतरी आहे. मयतीच्या दिवशी मात्र तेच नेमकं कुणाला आठवत नाही.

ज्यांच्या हातानं रीत पार पडते, त्यांनी हात आखडता घेतला तर रीत थांबते, हेही महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. त्याच्या आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून फसवल्या गेलेल्या विधवांना आसरा दिला होता. आज बांगड्या फोडायला पुढे होणाऱ्या बाईनं ‘मी नाही फोडणार’ म्हटलं, तर तिथे ठरावाचीही गरज उरत नाही.

या जिल्ह्यांत वर्षातला एक दिवस असा आहे की सगळं उघड होतं. मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, म्हणजे येळवस. लातूर शहर त्या दिवशी रिकामं होतं, सगळी माणसं शेतात. कडब्याची कोपी उभी करतात, आत पांडव मांडतात, भज्जी आणि अंबिलाचा नैवेद्य होतो, मग अंबिल शेतभर शिंपडतात. अनेक घरांत पूजेला जोडपं बसतं. जिचा नवरा गेला, ती वर्षभर त्याच रानात खुरपते, सोयाबीन काढते, तूर बडवते. भज्जीही तीच शिजवते. पूजेला मात्र दिराचं जोडपं बसतं आणि ती बांधाला उभी असते. तिच्या हातची अंबिल त्या मातीला चालत असेल, तर तिच्या हातची पूजा का चालू नये? तीच गोष्ट मुलीच्या लग्नातली. वीस वर्षं एकटीनं वाढवलेल्या पोरीच्या कन्यादानाला काका-काकू बसतात. आईला खोलीत बसायला कुणी सांगत नाही. ती स्वतःच बसते, कारण तेराव्या दिवसापासून तिला तेच शिकवलेलं असतं.

सरकारी मदतीवर सगळा भार टाकून चालणार नाही, कारण ती तुटपुंजी आहे आणि तिच्या अटी विचित्र आहेत. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात, पण त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत असावं लागतं. महिन्याला पावणेदोन हजारांत कुणाचं घर चालतं? ज्या बाईनं मजुरी करून पोरांना दोन वेळचं घातलं, ती कागदावर या योजनेत बसतच नाही. ही मर्यादा वाढवली पाहिजे आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांची लाखाची मदत आजच्या महागाईला धरून ठरवली पाहिजे. दोन्ही मागण्या दोन्ही जिल्ह्यांच्या आमदारांनी विधानसभेत लावून धरायला हव्यात.

पण तोपर्यंत जे भेटायला जातात, त्यांच्या हातात बरंच आहे. भेटायला जाणं हीसुद्धा एक रीत आहे आणि ती बदलता येते. ‘कसं झालं, शेवटी काय म्हणाले’ हे तिला दहाव्यांदा सांगायला लावू नये. माहेरच्यांनी लुगड्याऐवजी, किंवा लुगड्याबरोबर, एक लिहिता-वाचता येणारं माणूस पंधरा दिवस तिच्याजवळ ठेवावं. मोबाइल आणि सिमकार्ड तिच्या उशाशी राहील, पासबुक तिच्या पेटीत राहील, आणि सिम घाईनं बंद होणार नाही, हे भावानं बघावं. तेरवी होईपर्यंत तिचा अंगठा किंवा सही कुठल्याही कागदावर घेतली जाणार नाही, हे भावकीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसानं पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत सांगावं. त्याचा शब्द या गावांत अजून चालतो. दाखला आणायला गेलेल्या पुतण्यानं मृत्यूच्या दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्याव्यात, एका प्रतीवर कुणाचंच काम होत नाही. तेरवीचा खर्च तिच्या खात्यातून करू नये. पन्नास पानांऐवजी पाचशे पानं उठवून पोराच्या शाळेची फी खाणारी तेरवी गेलेल्या माणसाच्या कामी येत नाही.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतातच. या लेखाच्या वाचकांपैकी जे अशा गावांत राहतात किंवा सुट्टीत गावाकडे जातात, त्यांनी येत्या सभेत दोन ओळींचा ठराव मांडावा: या गावात नवरा वारलेल्या बाईच्या बांगड्या फोडल्या जाणार नाहीत, आणि तिची वारसनोंद तीन महिन्यांच्या आत ग्रामपंचायत स्वतः पाठपुरावा करून लावून देईल. पहिल्या ओळीला आता कुणी उघड विरोध करत नाही. दुसऱ्या ओळीला करतील. त्या वेळी बसून राहू नका, उठून बोला.